तोट्यातली बस का चालवायची? तुम्ही विचारलंत म्हणून

तोट्यात चालणारी बससेवा करदात्यांच्या पैशावर का चालवायची, हा प्रश्न मला, वाहतुकीचे अर्थशास्त्र शिकवत असल्यामुळे, वारंवार विचारला जातो.

तिकिटांचे उत्पन्न आणि सेवेचा खर्च यांतली तूट हा केवळ संस्थेचा हिशेब असतो. समाजाचा हिशेब याहून मोठा असून तो आकड्यांत मांडता येतो, हे लंडनच्या व्हिक्टोरिया भुयारी रेल्वेमार्गाच्या अभ्यासाने दाखवून दिले. भाड्यातून खर्च निघणार नाही, म्हणून हा मार्ग बरीच वर्षे रेंगाळला होता. ख्रिस्तोफर फॉस्टर आणि मायकेल बीस्ली या अर्थशास्त्रज्ञांनी 1963 साली त्याचे सामाजिक लाभ मोजले, तेव्हा त्यांतला मोठा वाटा त्या गाडीत न बसणाऱ्यांच्या पदरात पडत असल्याचे दिसले. कारण रस्त्यावरची कोंडी आणि जुन्या मार्गांवरची गर्दी कमी होऊन त्यांचा वेळ वाचणार होता. त्यांच्याकडून तिकीट घेता येत नाही, म्हणून हा फायदा ताळेबंदात उमटत नाही. (मार्गाला मंजुरी 1962 मध्येच मिळाली होती, पण त्याने या पद्धतीचे मोल कमी होत नाही.)

बेस्टने जुलै 2019 मध्ये किमान भाडे 8 रुपयांवरून 5 रुपयांवर आणले आणि मे 2025 मध्ये ते 10 रुपये झाले. दोन्ही वेळा चर्चा मुख्यतः तुटीभोवती फिरली, याचे मला मनापासून वाईट वाटते. भाडे वाढल्यावर शेअर रिक्षाकडे कोण वळले, दुचाकी कोणी घेतली आणि स्टेशनपासून पायी कोण चालू लागले, हे मोजल्याशिवाय त्या निर्णयाची खरी किंमत कळणार नाही.

अर्थात या हिशेबातही पक्षपात शिरू शकतो. वेळेची किंमत ज्याच्या त्याच्या मिळकतीवरून धरली, तर मोटारीतल्या अधिकाऱ्याची 10 मिनिटे घरकामाला निघालेल्या बाईच्या 10 मिनिटांपेक्षा कितीतरी महाग ठरतात आणि बसच्या राखीव मार्गिकेपेक्षा उड्डाणपूल कागदावर सहज सरस दिसतो. ब्रिटनमध्ये कामावर जाण्यायेण्याच्या आणि इतर खासगी प्रवासासाठी, प्रवाशाचे उत्पन्न न पाहता, राष्ट्रीय सरासरी धरतात. आपणही तसेच करावे, असे माझे ठाम मत आहे.

तोट्यातली प्रत्येक फेरी चालूच राहावी, असे मी म्हणत नाही. लोकलला समांतर रिकाम्या धावणाऱ्या गाड्या रेल्वे नसलेल्या वस्त्यांकडे वळवणे योग्यच ठरेल. परंतु फेरी बंद करण्याआधी थांब्यावरच्या प्रवाशांना, ही बस नसेल तर तुम्ही कसे जाल, हे विचारून त्याचा खर्च तुटीशेजारी मांडला गेला पाहिजे.