जांबोटी ते पंढरपूर : वाटेवर बदलणारी हवा

आषाढीला जांबोटीहून निघताना वारकऱ्याच्या डोक्यावर खोळ असते आणि सांगोल्याच्या पुढे त्याच डोक्यावर पाण्यात पिळून घेतलेले उपरणे येते, मधले अंतर मात्र जेमतेम पायी वारीत आटोपणारे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचा आमचा, जांबोटीचा पश्चिम पट्टा सह्याद्रीच्या माथ्यावर वसला आहे. मलप्रभेचा उगम असलेली कणकुंबी सुमारे 800 मीटर उंचीवर आहे आणि तिथून चोर्ला घाट उतरला की गोव्याचा सखल सत्तरी तालुका लागतो. समुद्रावरून येणारे ओले वारे ही चढण चढताना थंड होतात आणि सगळे पाणी इथेच रिते करतात. त्यामुळे दिंडी निघते त्या दिवसांत भर दुपारीही सूर्य दिसत नाही, धुक्यात पुढची पताका हरवते आणि धोतरे चुलीवर टांगूनच वाळवावी लागतात.

बेळगाव, काकती, संकेश्वर मागे पडेपर्यंत भुरभुर चालूच असते. चिक्कोडी ओलांडल्यावर मात्र ढगांना भगदाडे पडू लागतात, आणि अंकली-मांजरीच्या पुलावरून कृष्णा पार केली की पायांखाली चिखलाऐवजी धूळ येते. शिवारेही तेच सांगतात : खानापूरकडे भाताच्या लावणीची घाई, चिक्कोडीत ऊस, अथणीच्या बाजूला द्राक्षबागा आणि सांगोल्यात डाळिंब. सीमेलगतच्या आंबोलीत वर्षाला सुमारे 7000 मिलिमीटर पाऊस पडतो, बेळगाव शहरात त्याच्या पाचव्या हिश्श्याइतका, आणि अथणी तालुक्यात 600 मिलिमीटर झाला तरी शेतकरी समाधान मानतो.

हवेतला हा फरक आमच्या दिंडीत सर्वांत आधी मृदंगाला कळतो. जांबोटीच्या दमट हवेत पुडी, म्हणजे तोंडावरचे कातडे, सैल पडून आवाज उतरतो, म्हणून आमचे मृदंगी मामा हातोडीने लाकडी गठ्ठे ठोकून वादी, म्हणजे पुडी आवळणारी चामड्याची पट्टी, ताणून घेतात. धुम्याला, म्हणजे डाव्या तोंडाला, लावलेली कणीक मात्र तिथे हरिपाठ संपेपर्यंत ओली राहते. मिरजेच्या पुढे सगळे उलटे होते. सूर चढतो, गठ्ठे सैल करावे लागतात आणि कणीक एका अभंगातच तडकून गळू लागते. तिथे मामा पिठाबरोबर पाण्याचा तांब्याही शेजारी घेऊन बसतात.

दिंडीत कुणालाही विचारले तर उत्तर मिळते, ‘‘माऊली, खाली उतरलो, म्हणून उकडतंय.’’ हे अर्धेच खरे आहे. बेळगाव सुमारे 750 मीटर उंचीवर आहे आणि पंढरपूर सुमारे 450 मीटरवर. हजार मीटर उतरल्यावर सरासरी साडेसहा अंश तापमान वाढते असे धरले, तर या 300 मीटरांच्या वाट्याला दोनच अंश येतात. प्रत्यक्षात जुलैच्या दुपारी बेळगावात पारा साधारण 26 अंशांवर असतो, तर सोलापूरकडे 32 च्या आसपास. उरलेले चार अंश ढगांच्या आणि ओल्या जमिनीच्या हिशेबातले आहेत. आमच्याकडे ढग ऊन अडवतात आणि जे पोहोचते ते पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. तिकडे कोरड्या मातीवर तेच ऊन थेट तापते. शिवाय घाट चढताना हवेतल्या वाफेचे पाणी होते तेव्हा उष्णता सुटते, म्हणून ओली हवा सावकाश निवते. पाणी टाकून झालेली तीच हवा पूर्वेकडे उतरताना दर 100 मीटरला जवळजवळ एक अंश तापते. घाटमाथ्याने पाऊस घेतला आणि मागच्या पठाराला नुसता वारा दिला, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने.

मात्र उंचावर नेहमी थंड आणि सखल भागात नेहमी उष्ण, असा नियम करता येत नाही, हे माघी वारीत कळते. तेव्हा आकाश निरभ्र असते, रात्री जमीन झपाट्याने निवते आणि जड झालेली गार हवा उतारावरून ओघळत नदीच्या खोऱ्यात साचते. चिक्कोडीच्या माळावर पहाटे सुसह्य वाटणारी थंडी कृष्णाकाठच्या मुक्कामात हाडांत शिरते. काकड्याला टाळ हातात धरवत नाहीत, आणि त्याच दिवशी दुपारच्या विसाव्याला सगळे बाभळीची सावली शोधत असतात. म्हणून घोंगड्यांचे गाठोडे आमच्या ट्रकमध्ये दोन्ही वाऱ्यांना वरच्या थरात असते : आषाढीला ते बेळगावच्या अलीकडे सुटते, माघीला कृष्णेच्या काठी.