पंचाहत्तरीत स्वतःचे नाव

भजनी मंडळात पेटीची साथ करणाऱ्या माझ्यासारख्या हौशी माणसाला मुख्य गायकापेक्षा त्याच्या साथीदाराचे आयुष्य अधिक जवळचे वाटते. त्यामुळे ब्लूज हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे संगीत ऐकू लागल्यापासून गायक मडी वॉटर्स यांच्याइतकाच त्यांच्या मागे पियानोवर बसणाऱ्या पाइनटॉप पर्किन्स यांचा विचार माझ्या मनात घोळत राहिला आहे.

जो विली पर्किन्स यांचा जन्म १९१३ साली मिसिसिपीतील बेल्झोनी येथे झाला. ‘पाइनटॉप’ हे नावसुद्धा त्यांचे स्वतःचे नव्हे. पाइनटॉप स्मिथ या आधीच्या पियानोवादकाच्या गाजलेल्या बूगी-वूगीवरून (ब्लूजमधील वेगवान पियानोशैलीतील रचनेवरून) ते त्यांना चिकटले. सुरुवातीला ते गिटारही वाजवत, परंतु अर्कान्सॉ राज्यातील हेलिना येथे एका नर्तकीने गैरसमजातून सुरीने वार केला, डाव्या हाताच्या कंडरा तुटल्या आणि गिटार कायमची सुटली. बूगी-वूगीची सारी भिस्त डाव्या हातावर असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यानंतर त्यांनी पियानोवर जे उभे केले त्याचे मोल कळते.

त्या काळी या वादकांचे पोट कसे भरत असे, हे समजून घ्यायचे तर हेलिनाच्या केएफएफए रेडिओ केंद्राकडे पाहावे. पिठाच्या एका ब्रँडने पुरस्कृत केलेला ‘किंग बिस्किट टाइम’ हा कार्यक्रम तेथे १९४१ पासून दुपारी प्रसारित होई आणि पर्किन्स काही वर्षे माउथ ऑर्गनवादक सनी बॉय विल्यमसन यांच्याबरोबर त्यात वाजवत. पीठ खपवायचे, त्याच्या बदल्यात आज रात्री आपण कोणत्या गावी वाजवणार आहोत हे श्रोत्यांना सांगायचे, असा तो व्यवहार होता. कमाईची खरी जागा रात्रीची मैफल होती. माझ्या मते बिदागी ठरवण्याआधी गर्दी जमवण्याची ही युक्ती आजच्या समाजमाध्यमांपेक्षा फारशी वेगळी नाही.

पुढे गिटारवादक अर्ल हूकर यांच्याबरोबरचे दौरे झाले, १९५३ मध्ये मेम्फिसच्या सन स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले. मध्यंतरी तर त्यांनी हा व्यवसाय सोडलाही होता. १९६९ मध्ये पियानोवादक ओटिस स्पॅन यांनी मडी वॉटर्स यांची साथ सोडली, तेव्हा ती जागा पर्किन्स यांच्याकडे आली. त्या वेळी त्यांचे वय छप्पन्नच्या आसपास होते, म्हणजे आपल्याकडे निवृत्तीचे वेध लागण्याचे! सुमारे अकरा वर्षांनी, १९८० मध्ये, पैशांच्या वादातून वादकांनी एकत्रितपणे ते पथक सोडले आणि ‘लेजंडरी ब्लूज बँड’ स्थापन केला.

अमेरिकेत त्यांच्या स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम आला तो १९८८ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत. त्यानंतर मात्र अल्बमांची रांगच लागली. ब्लूजमधील सर्वोत्तम पियानोवादकाचा पुरस्कार त्यांना इतक्या वेळा मिळाला की अखेर त्यांना स्पर्धेतून बाजूला करून तो पुरस्कारच त्यांच्या नावाने देण्याचे ठरले. उसन्या नावाच्या माणसाची ही गंमत मला फार आवडते. फेब्रुवारी २०११ मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी, त्यांना ग्रॅमी मिळाले, तेही मडी वॉटर्स यांच्याच पथकातील जुने ड्रमवादक विली ‘बिग आइज’ स्मिथ यांच्याबरोबर केलेल्या अल्बमसाठी. २१ मार्च २०११ रोजी ऑस्टिन येथील घरी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या वर्षाचे वीसहून अधिक कार्यक्रम ठरलेले होते.