चेंडू सोडून बघा रे

शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी मजकूर पाठवा, असा समितीचा निरोप आला. सोबत विषयांची यादीही होती: शाळेची वाटचाल, प्रार्थना, स्नेहसंमेलन, शाळेचा गणपती, सहली. हे सगळं बाकीचे लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा बरं लिहितील. मी फक्त सरांवर लिहिणार आहे. कुठले सर, हे माझ्या आगेमागे शिकलेल्या कुणालाही सांगायला नको. इतर सगळ्या शिक्षकांना आडनावं होती, पीटीच्या सरांना नुसतं ‘सर’ म्हणायचे. गणिताच्या बाईंचे, संस्कृतच्या गुरुजींचे उपकार आहेतच. पण संपादकांनी शब्दमर्यादा घातली आहे आणि ती एकट्या सरांनाच पुरायची नाही.

ग्वाल्हेर हॉकीचं गाव. कॅप्टन रूपसिंग इथे येऊन राहिले, इथलेच झाले. स्टेडियमला नाव त्यांचं. त्या काळी लष्कर भागात हॉकीची काठी खांद्यावर टाकून निघालेल्या मुलाकडे लोक कौतुकाने बघायचे. फुटबॉलवाल्याकडे बघायचे ते आज कुणाची खिडकी फुटणार या नजरेने. अशा गावात सरांनी आपल्या शाळेला फुटबॉलचं वेड लावलं. ते स्वतः इथल्या फिजिकल कॉलेजचे, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयाचे. १९५७ साली सुरू झालेल्या त्या कॉलेजात तेव्हा देशभरातून मुलं यायची, बंगालची, केरळची. सर म्हणायचे, “आम्ही जनकगंजची पोरं लंगडी आणि खो-खो घेऊन तिथे गेलो आणि हे घेऊन परत आलो.” ‘हे’ म्हणजे बगलेतला तो चामड्याचा चेंडू. त्याच्या ब्लॅडरमधली हवा सायकलवाल्याकडे भरून आणणं हे माझं काम. मी संघात कधीच नव्हतो. पाण्याची बादली, संत्र्याच्या फोडी, चुन्याच्या रेघा आणि मॅच संपल्यावर सगळ्यात मोठ्याने वाद घालणं, एवढाच माझा फुटबॉल.

१९८६चा वर्ल्ड कप दूरदर्शनवर दाखवला आणि आमची पिढी बिघडली. अर्जेंटिना आणि पश्चिम जर्मनीचा अंतिम सामना २९ जूनला, आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू. शाळा उघडायला दोन दिवस होते, त्यामुळे घरच्यांनी सोडलं. सरांच्या वाड्यातल्या माडीवर ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीपुढे आम्ही दाटीवाटीने बसलो होतो. काकूंनी दडपे पोहे केले होते. सगळ्यांचे डोळे मॅराडोनावर. सर मात्र विचारत होते, “अरे, त्याच्या मागे कोण आहे ते बघा.” मागे लोथार मथेउस होता. पश्चिम जर्मनीने आपला सगळ्यात दमदार मिडफिल्डर त्याच्या पहाऱ्याला लावला होता. मॅराडोनाला गोल करता येईना, पण जर्मनीचाही मधला माणूस त्याच कामात अडकून पडला. अर्जेंटिनाचे दोन गोल झाले, तेव्हा जर्मनीने मथेउसला पहाऱ्यातून मोकळं केलं आणि खेळाचा रंगच बदलला. रुमेनिगेचा गोल, मग फोलरचा, बरोबरी! माडीवर आरडाओरडा, खालून मालकांच्या शिव्या. आणि मग मॅराडोनाला क्षणभराची मोकळीक मिळाली, त्याने एक पास सरकवला, बुरुचागा धावत गेला, ३-२.

खाली उतरताना जिन्यातच भांडण सुरू झालं. मथेउसला मोकळं केलं म्हणून जर्मनी परत आली की त्याला मोकळं केलं म्हणूनच हरली? सरांना विचारलं, तर म्हणाले, “दोन्ही. जा आता घरी.”

ते भांडण आम्ही शाळेत आणलं. दिवाळीनंतर आंतरशालेय सामने सुरू झाले. आपला लेफ्ट आउट, म्हणजे डाव्या कडेने पुढे खेळणारा, हा शाळेचा मॅराडोना. चकवत चकवत जायचा, गोल करायचा, दहावीच्या मुली गच्चीवरून बघायच्या. आणि सेंटर हाफ, म्हणजे मैदानाच्या मधोमध खेळणारा, होता बिर्लानगरचा एक मुलगा. वडील जे. सी. मिलमध्ये. टेम्पोने यायचा, कुणाशी फारसा बोलायचा नाही. मोजे खाली घसरू नयेत म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचे गोल काप काढून पोटऱ्यांवर चढवायचा. त्याने आख्ख्या मोसमात एक गोल केलेला नव्हता. लांब फटका नाही, डोक्याने चेंडू मारणं नाही. चेंडू आला की दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्याला देऊन मोकळा.

पाण्याच्या टाकीपाशी मधल्या सुट्टीत त्याचीच चर्चा. आमचा मॉनिटर सगळ्यात पुढे: “एवढा पास माझी आजी देईल. हा संघात करतो काय?” दुसरा म्हणायचा, त्याच्या जागी दहावी ब मधला तो उंच मुलगा घ्या, निदान फटका तरी मारेल. बाजूने बोलणारा गोलकीपर एकटाच: “तो असला की मला कमी उड्या माराव्या लागतात.” यावर मॉनिटरचं उत्तर तयार: “मग तू आळशी आहेस.” लेफ्ट आउटला विचारलं तर तो म्हणाला, “मला चेंडू पायात मिळतो. कुणाकडून येतो ते मी बघत नाही.” हा गृहस्थ पुढे सरकारी अधिकारी झाला, यात नवल नाही.

सरांच्या कानावर हे गेलंच. दुसरे कुणी असते तर टाकीपाशी येऊन चार शब्द सुनावले असते. सरांनी शनिवारपर्यंत ब्र काढला नाही. शनिवारी फिजिकल कॉलेजच्या मैदानावर मुरारच्या एका शाळेशी सामना होता. सिमेंटच्या पायऱ्यांवर सरांनी आम्हा चौघांना ओळीने बसवलं, मॉनिटरला अगदी शेजारी, आणि खिशातून खडू काढून एकेक हातात दिला.

“आज चेंडू सोडून बघा रे. चेंडू कुठे का जाईना. फक्त आपला सेंटर हाफ बघायचा.”

मग खुणा ठरवून दिल्या. चेंडू त्याच्या पायाशी आला की पायरीवर उभी रेघ. त्याने समोरच्याकडून हिसकावला की फुली. आणि समोरच्याने पास द्यायला मान वर केली, मध्ये हा उभा दिसला म्हणून विचार बदलून चेंडू दुसरीकडे दिला, तर शून्य. रेघा एकाकडे, फुल्या दुसऱ्याकडे, शून्यं माझ्याकडे. मॉनिटरला वेगळंच काम: चेंडू येण्याआधी हा काय करतो ते तोंडाने सांगत राहायचं.

चेंडू सोडून सामना बघणं किती अवघड आहे ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. पलीकडे आरडाओरडा होतोय, आपल्या लेफ्ट आउटने दोघांना चकवलंय, आणि आपण मैदानाच्या मधोमध सावकाश चालणाऱ्या एका मुलाकडे बघत बसलोय. मॉनिटरची मान दोनदा वळली, दोन्ही वेळा सरांनी कान धरून जागेवर आणली. हळूहळू मात्र दिसायला लागलं. चेंडू यायच्या आधी तो मागे बघायचा, आधी डावीकडे, मग उजवीकडे, रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीसारखा. म्हणून चेंडू पायात येईपर्यंत तो कुठे द्यायचा हे त्याचं ठरलेलं असायचं आणि पास ‘आजीचा’ दिसायचा. आपला राइट हाफ पुढे पळाला की हा न सांगता त्याच्या जागी सरकायचा. तो परत आला की हा पुन्हा मध्ये. हाताने बॅकना जागा दाखवायचा, ओरडायचा नाही. मुरारचा सेंटर फॉरवर्ड तर वैतागून पार कॉर्नरपर्यंत चेंडू मागायला जायला लागला. हाफटाइमला पायरी बघितली तर रेघा बेताच्या, फुल्या त्याहून कमी, आणि माझी शून्यं पायरी भरून खालच्या पायरीवर गेलेली.

सामना १-१ असा सुटला. गोल अर्थात लेफ्ट आउटचा.

मॉनिटर हार मानणारा नव्हता. “सर, रेघा आणि फुल्या ठीक, पण ही शून्यं आपल्या मनची. त्याने याला बघून पास बदलला हे कशावरून? आणि नुसतं मध्ये उभं तर कुणीही राहील.” मला वाटलं आता बसणार. सरांना मात्र आनंदच झाला. “पहिल्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही,” म्हणाले, “दुसऱ्याचं सोमवारी बघू.” सोमवारी सरावाला मॉनिटरला सेंटर हाफच्या जागी उभं केलं. तो प्रत्येक चेंडूमागे धावला. चेंडू डावीकडे गेला की हा डावीकडे, आणि मधलं मैदान मोकळं. थोड्याच वेळात कमरेवर हात ठेवून धापा टाकत त्याने विचारलं, “सर, मी बघू कुठे?” सर रेघेवरून ओरडले, “तेच तर शनिवारी तुला सांगायला बसवलं होतं!”

पावसाळ्यात मैदान वापरता यायचं नाही, तेव्हा सर वर्गात जकार्ता सांगायचे. १९६२चे आशियाई खेळ, प्रशिक्षक रहीमसाहेबांचा भारतीय संघ, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियावर २-१. डोक्याला टाके पडलेला जर्नेलसिंग बॅक असून पुढे खेळला आणि त्याने गोल केला, हे ऐकताना वर्ग चिडीचूप. मग सर नावं विचारायचे. पी. के., चुनी, बलराम ही पुढच्या फळीची नावं आम्ही एका दमात म्हणायचो. “आणि हाफ कोण होते?” शांतता. “गोव्याचा फ्रँको. प्रशांत सिन्हा. लिहून घ्या.” आमच्या इतिहासाच्या वहीच्या मागच्या पानावर ती नावं आहेत. पानिपतावर कोण कोण पडलं ते विसरलो, ही नावं विसरलो नाही.

आता थोडं स्वतःबद्दल, समितीने सध्याचा हुद्दा कळवा असंही लिहिलंय म्हणून. मालनपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर म्हणून सुरुवात केली, पुढे पुण्याला चाकणमध्ये आलो, आज एका प्लांटचा प्रमुख आहे. बढतीच्या याद्या माझ्यापुढे येतात तेव्हा मी खात्यात जाऊन उभा राहतो आणि ज्याच्या पाळीत मशीन बंदच पडत नाही असा माणूस शोधतो. त्याच्या नावापुढे दाखवायला काही नसतं, कारण काही घडलेलंच नसतं. एचआरवाल्यांना ही पद्धत पसंत नाही. त्यांना मी सर कोण होते ते सांगत बसत नाही.

घरी मात्र सांगतो. माझा मुलगा आणि त्याचे मित्र दर शनिवार-रविवारी इंग्लिश लीग बघतात आणि आमच्या टाकीपाशी व्हायचं तसंच भांडतात. सप्टेंबर २०२४मध्ये आर्सेनलविरुद्ध मँचेस्टर सिटीच्या मधल्या फळीतल्या रोद्रीचा गुडघा गेला. सलग चार वर्षं लीग जिंकलेला संघ मोसमाच्या अखेरीस तिसऱ्या क्रमांकावर घसरला. ऑक्टोबरमध्ये रोद्रीला वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचं बॅलन डी’ऑर मिळालं तेव्हा आमच्या हॉलमध्ये अर्धी मुलं रेआल माद्रिदच्या व्हिनिशियसला डावललं म्हणून उशा फेकत होती. मोसम संपल्यावर मी म्हटलं, त्या एका माणसाच्या जाण्याने संघ किती बदलला बघा. एकाने उलट विचारलं, “काका, बाकीचेही जखमी होते, डी ब्रुइन थकला होता, मग सगळं रोद्रीच्याच खात्यावर का?” मुद्दा बरोबर होता. रेआल माद्रिदने २००३मध्ये बेकहॅमला घेतलं आणि मधली फळी राखणाऱ्या माकेलेलेला चेल्सीला जाऊ दिलं. त्या वर्षी ते स्पेनच्या लीगचे विजेते होते, पुढची लीग मिळायला २००७ उजाडलं; आणि चेल्सीने २००४-०५मध्ये ३८ सामन्यांत फक्त १५ गोल खाऊन लीग जिंकली. हे उदाहरण मी फार फेकतो. पण चेल्सीकडे तेव्हा गोलमध्ये पीटर चेक होता, बचावाला टेरी होता, प्रशिक्षक म्हणून मोरिन्यो आला होता. मॉनिटर असता तर हेच म्हणाला असता. तरीही माझं मत कायम आहे: गोल करणाऱ्याची किंमत कुणालाही करता येते, मधल्याची करायला त्याच्याकडे बघावं लागतं. आणि बघायला सरांनी शिकवलं.

गेल्या डिसेंबरात तानसेन समारोहाच्या निमित्ताने आलो होतो तेव्हा शाळेत चक्कर मारली. मैदानाच्या अर्ध्या भागावर नवी इमारत, उरलेल्यात स्कूटर. पीटीचा तास वेळापत्रकात आहे, पण त्यात गणित घेतात असं मुलांनीच सांगितलं. पीटीला अतिथी शिक्षक, तेही यंदा आहेत, पुढच्या वर्षीचं ठाऊक नाही. कॉम्प्युटरची खोली झकास झाली आहे, त्याबद्दल समितीचं अभिनंदन. पण गोलचे खांब कुठे गेले ते कुणाला सांगता आलं नाही, आणि त्या मैदानावर घाम गाळलेल्या माणसाचा एक फोटोही कार्यालयात नाही, हे मला बरं वाटलं नाही.

सर जाऊन बरीच वर्षं झाली. सेंटर हाफ बिर्लानगरलाच आहे. मिल बंद पडल्यावर घर त्यानेच सांभाळलं, वीज खात्यात लागला, धाकट्या भावंडांची लग्नं केली. महोत्सवाला येणार का विचारलं तर म्हणाला, “बघू, ड्यूटी बदलून मिळाली तर.”

महोत्सवात माजी विद्यार्थी विरुद्ध आजी विद्यार्थी असा फुटबॉलचा सामना ठेवला आहे. त्यासाठी सरांच्या नावाने एक चषक देण्याची माझी तयारी आहे. चेक या मजकुरासोबत जोडला आहे. अट एकच: तो सगळ्यात जास्त गोल करणाऱ्याला द्यायचा नाही. खजिनदारांचा फोन येऊन गेला. निवडीचा निकष लेखी पाहिजे, नाहीतर भांडणं होतील, असं त्यांचं म्हणणं. निकष लिहून पाठवलाय: दहावीतली चार मुलं पायऱ्यांवर बसवावीत, हातात खडू द्यावेत. मॉनिटरने ग्रुपवर लगेच हरकत घेतली आहे की शून्यं मोजणारा माणूस तटस्थ असायला हवा आणि मी तसा नाही. समितीने त्यालाच परीक्षक नेमावं, माझी ना नाही.