५०० जीबीची डिस्क ७२७ जीबी का खात होती, ते सापडलं!

माझ्या सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारी प्रणाली) आहे आणि डेटा झेडएफएस या फाइलसिस्टमवर. गेल्या वेळी लिहिलं तेव्हा तिचा पूल, म्हणजे सगळ्या डिस्कची मिळून एकत्र जागा, ९४ टक्क्यांवर होता. परवा तो पूर्ण भरला आणि फोटोंच्या व्हीएमवर पिवळा त्रिकोण आला: आय-ओ एरर. दोन रात्री गेल्या, पण आता मूळ हाती लागलंय.

आधी सगळा संशय डिस्कार्डवर, म्हणजे व्हीएमने पुसलेली जागा पूलला परत मिळण्यावर, होता. प्रत्येक डिस्कला डिस्कार्डची खूण केली, व्हीएम पूर्ण बंद करून चालू केलं (आतून रीबूट करून भागत नाही), मग आत एफएसट्रिम (मोकळी जागा परत करणारी आज्ञा). ४१ जीबी सुटले. व्हीएम उठलं, पण ‘झेडएफएस लिस्ट’मध्ये ५०० जीबीची फोटो-डिस्क ७२७ जीबी अडवून बसलेली तशीच. स्नॅपशॉट (जागा अडवणारी, जुन्या स्थितीची जपलेली प्रत) एकही नाही.

मग कागद घेऊन बसलो. चार डिस्कचा रेडझेड-१ (एक डिस्क गेली तरी डेटा वाचवणारी रचना), अ‍ॅशिफ्ट १२, म्हणजे ४ केचे (किलोबाइटचे) सेक्टर. ही डिस्क जुन्या प्रॉक्समॉक्सवर बनवलेली, तेव्हा व्हॉलब्लॉकसाइझ, म्हणजे व्हर्च्युअल डिस्कच्या एका ब्लॉकचा आकार, ८ के असायचा. ८ के म्हणजे डेटाचे दोन सेक्टर, पॅरिटीचा (गेलेला डेटा परत मिळवायच्या माहितीचा) एक, झाले तीन. पण रेडझेड-१ जागा दोनच्या पटीत देतो, म्हणून चौथा सेक्टर नुसता रिकामा अडकतो. ८ के डेटाला १६ के जागा! झेडएफएस हिशेब १२८ केच्या ब्लॉकवर मांडतो, म्हणून यादीत दुप्पट न दिसता १.४५ पट दिसतं. ५०० ला गुणलं, ७२७. कागदावरचा आकडा स्क्रीनवरच्याशी जुळला तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते आणि मला झोप येणं शक्यच नव्हतं. जेपेग आधीच दाबलेले, त्यामुळे एलझेड-४ कॉम्प्रेशनचाही उपयोग नव्हता.

१६ केला हाच आकडा ५४५ येतो, ६४ केला जवळपास ५००. डेटाबेसच्या डिस्क मात्र १६ केवरच ठेवणार; छोट्या लिखाणासाठी पूर्ण ६४ के पुन्हा लिहिणं परवडत नाही.

बनलेल्या झेडव्हॉलचा (झेडएफएसमधल्या व्हर्च्युअल डिस्कचा) ब्लॉकसाइझ बदलता येत नाही. म्हणून पूलमध्ये वेगळा डेटासेट (पूलमधला स्वतंत्र कप्पा) करून तो ६४ के ब्लॉकसाइझचं नवं स्टोरेज म्हणून जोडला आणि गाण्यांची ४० जीबीची डिस्क तिकडे हलवली, तीही व्हीएम चालू असताना. ५८ ची ४० झाली! प्रॉक्समॉक्सच्या ‘मूव्ह स्टोरेज’इतकं भरवशाचं बटण मी दुसरं पाहिलेलं नाही.

आता फोटो-डिस्कही तशीच हलवणार होतो, पण हे लिहिताना वाटलं, फोटो झेडव्हॉलमध्ये हवेतच कशाला? साधा डेटासेट करायचा आणि प्रॉक्समॉक्स ८.४ पासून आलेल्या व्हर्टिओ-एफएसने (सर्व्हरचं फोल्डर थेट व्हीएममध्ये दाखवणारी सोय) व्हीएमला द्यायचा. डिस्क वाढवा, मग पार्टिशन वाढवा, मग फाइलसिस्टम वाढवा, ही साखळीच संपते. एक कोटा बदलला की झालं. शिवाय स्नॅपशॉटमधून एकच फोटो उचलता येतो. लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम दुसऱ्या नोडवर, म्हणजे सर्व्हरवर, हलवणं) जातं, पण माझा नोड एकच आहे.

ओएसच्या डिस्कसाठी पॉवर-लॉस प्रोटेक्शनवाल्या (अचानक वीज गेली तरी लिखाण वाचवणाऱ्या) दोन वापरलेल्या एसएसडींचा मिरर करतोय. घेताना स्मार्टसीटीएल (डिस्कची तब्येत दाखवणारी आज्ञा) समोर चालवून बघा. ‘जेमतेम वापरलेली’ म्हणून मला दाखवलेल्या एका डिस्कवर ३१,००० तास निघाले. ती परत केली.

फोटो सध्या उसन्या यूएसबी डिस्कवर उतरताहेत. ३१२ जीबी झाले. ते पूर्ण झाले आणि चेकसम (प्रत तंतोतंत आहे का ते सांगणारे आकडे) जुळले की जुना झेडव्हॉल उडवतो.