लेण्यातील व्याजाचा हिशेब

जगाच्या इतिहासावरील आमच्या माहितीपट मालिकेत हिंदी महासागरातील प्राचीन व्यापारावर एक भाग होता आणि त्यातील नाशिकचे चित्रीकरण पांडवलेण्यांत ठरले होते. वाहिनीच्या मागणीनुसार मी लिहिलेल्या संहितेत भर रोमवर होता: भारत दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो ही रोमन लेखक प्लिनीची तक्रार, मोसमी वाऱ्यांवर गुजरातच्या भडोच बंदरात येणारी जहाजे, आणि पार्श्वभूमीपुरती लेणी.

सकाळचा बराच वेळ प्रकाशातच गेला. लेण्यांची तोंडे साधारण उत्तरेला असल्याने ओसरीत ऊन फारसे येत नाही आणि समोरून दिवा टाकला, तर कोरीव अक्षरे दगडात विरून जातात. कॅमेरामनने एलईडी पॅनल भिंतीलगत धरून तिरपा प्रकाश पाडला, तेव्हा दहाव्या लेण्यातील शक राज्यकर्ता क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख ओळीओळीने उठून दिसू लागला.

सोबतचे पुराभिलेखतज्ज्ञ एकेक ओळ वाचून अर्थ सांगत होते. उषवदाताने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघटनांकडे, ३००० कार्षापणे (त्या काळची नाणी) कायमची ठेवली होती. त्यांपैकी २००० दरमहा शेकडा एक दराने आणि १००० दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नव्हते, फक्त व्याज वापरायचे होते. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातील मुक्कामात, लेण्यात राहणाऱ्या २० भिक्खूंना दोन हजारांच्या व्याजातून चीवरासाठी (भिक्खूंच्या वस्त्रासाठी) प्रत्येकी १२ कार्षापणे मिळणार होती. पॅनल धरून उभा असलेला लाइटमन मध्येच म्हणाला, “सर, दोन हजारांचं वर्षाचं व्याज दोनशे चाळीस होतं. वीस जणांना बारा-बारा दिले की बरोब्बर संपतं.”

तज्ज्ञ हसले आणि मी संहितेची पाने बाजूला ठेवली. विहाराला दान देणाऱ्याने पैसा कारागिरांच्या संघटनेकडे गुंतवावा, त्याची घोषणा निगमसभेत (नगराच्या सभेत) व्हावी आणि फलकावर नोंद व्हावी, हे त्या काळच्या बाजारपेठेविषयी प्लिनीच्या एका तक्रारीपेक्षा कितीतरी अधिक सांगते, असे मला वाटते. रोमन सोने कुठून निघाले हे सगळेच दाखवतात. इकडे पैशाचे काय होत होते, हे या भिंतीवर आकड्यांनिशी कोरलेले होते. सूत्रसंचालिकेला तोच हिशेब तिच्या शब्दांत लेखासमोर सांगायला लावला. खालच्या मुंबई-आग्रा महामार्गावरील हॉर्नमुळे ध्वनिमुद्रकाने तो पुन्हा पुन्हा घ्यायला लावला, ही गोष्ट वेगळी. नाशिकमध्ये चित्रीकरण करणाऱ्या कोणालाही ती सांगावी लागत नाही.

दुपारी रोमचा धागा जोडायला नहपानाची नाणी उपयोगी पडली. नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये त्याची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांवर ब्राह्मी आणि खरोष्टी लिपींसोबत ग्रीक अक्षरेही आहेत आणि बहुतेक नाण्यांवर त्याचा पाडाव करणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारला आहे. तिसऱ्या लेण्यातील सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात क्षहरातांचा (नहपानाच्या घराण्याचा) वंश उखडून टाकल्याचा जो उल्लेख आहे, त्याची ही नाण्यांवरची बाजू आम्ही छायाचित्रांमधून दाखवली.

संकलनाच्या वेळी वाहिनीने जहाजांची दृश्ये आरंभीच हवीत असा आग्रह धरला. बऱ्याच वादानंतर आरंभी उषवदाताची ठेव, मग नाणी आणि शेवटी भडोचचे बंदर असा क्रम मान्य झाला; भाग त्याच क्रमाने प्रसारित झाला.