दप्तरी दाखल

मी पुण्यात एका सरकारी ऑफिसात आस्थापना शाखेला आहे, म्हणजे लोकांच्या रजा, वेतनवाढी, सर्व्हिस बुकं हेच दिवसभर. त्या दिवशी साहेबांनी केबिनमधे बोलावलं आणि एक अर्ज पुढे सरकवला. खाली नाव नाही, सही नाही. आमच्याच एका क्लार्कबद्दल, की तो जंगली महाराज रोडला प्राइडच्या, म्हणजे समलिंगी, ट्रान्सजेंडर लोकांच्या मोर्चात दिसला, एका मुलाबरोबर राहतो, ऑफिसची बदनामी होते, कारवाई करा. सोबत फोटोची झेरॉक्स, इतकी काळी की मला तर नुसता एक झेंडा दिसला.

निनावी अर्ज एरवी आम्ही बघत पण नाही. पण साहेब म्हणे, "खुलासा मागवा, वर्तणूक नियमात बसतंय, अशोभनीय वर्तन."

१९७९ च्या त्या नियमांत अशोभनीय हा शब्द आहे हे खरं, आणि त्यात काय वाट्टेल ते कोंबता येतं.

जागेवर येऊन शोधत बसले. मला वाटायचं की आता कायदा आहे ना. तर २०१९ चा कायदा ट्रान्सजेंडर लोकांसाठी, त्यातलं कलम ९ नोकरीत भेदभाव करायचा नाही म्हणतं, पण हा मुलगा ट्रान्सजेंडर नाही, गे आहे, त्याच्यासाठी असं एकही कलम मला सापडेना. आहेत ते कोर्टाचे निकाल. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने कलम ३७७ मधून समलिंगी संबंधांचा गुन्हा काढला, आणि २०२१ ला अलाहाबाद हायकोर्टाने बुलंदशहरच्या एका होमगार्डला परत घ्यायला लावलं, त्याला जोडीदाराबरोबरचा व्हिडिओ फिरला म्हणून काढलं होतं. हुबेहूब आमचीच केस! मी लगेच टिपणी टाइप करायला घेतली, चांगली दीड पान झाली, खरं सांगायचं तर मला माझंच कौतुक वाटत होतं.

डबा खाताना त्याला बाजूला घेऊन सांगितलं. तो जेवायचाच थांबला. म्हणाला, "ताई, तुम्ही माझ्या बाजूनेच लिहिताय, पण लिहिताय फाईलवरच ना?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. फाईल चार टेबलं फिरणार, प्रत्येक जण पान उलटून बघणार, आणि घरी त्याने सांगितलेलं नाही, त्याचा सख्खा मामा दुसऱ्या मजल्यावर.

मग दीड पान डिलीट केलं आणि दोनच ओळी ठेवल्या: अर्ज निनावी आहे, कामकाजाशी संबंधित आरोप नाही, सबब दप्तरी दाखल करावा, म्हणजे पुढे काही न करता नुसता ठेवून द्यावा. त्याचं नाव कुठेच नाही. निकालांचं साहेबांना तोंडी सांगितलं. ते म्हणे, "अलाहाबादचं इथे कशाला?" मी म्हटलं सुप्रीम कोर्टाचं तर इथेच चालतं, आणि उद्या तो मॅटमधे, म्हणजे सरकारी नोकरांच्या न्यायाधिकरणात, गेला तर खुलासा मागणाऱ्याची सही आधी बघतील. सही हा शब्द आमच्याकडे भारी चालतो. दोन मिनिटं पेन फिरवलं आणि केली सही.

पाच वाजता नोंद पूर्ण करायला आवक रजिस्टर उघडलं. विषयाच्या रकान्यात सकाळीच कुणीतरी निळ्या पेनाने लिहून ठेवलं होतं, त्याचं पूर्ण नाव आणि पुढे 'यांच्या अनैतिक संबंधांबाबत'. रजिस्टरला पान नंबर असतात, व्हाइटनर चालत नाही, खोडलं तर शेजारी साहेबांची सही लागते. आणि ते रजिस्टर दिवसभर काउंटरवर उघडंच होतं.