सईचे मांजर

रविवार, रात्री उशिरा

मुले घरी गेल्याला चार तास होऊन गेले, तरी सईचे ते एक वाक्य माझ्या कानातून जात नाही. "आत्या, तू माझं मांजर पुसलंस." ती रडली नाही, रुसलीही नाही. पाऊस पडतोय असे एखाद्याने सांगावे तितक्या सरळपणे तिने ते सांगितले आणि नीलबरोबर ठोकळे मांडायला निघून गेली. निघताना दादा म्हणाला की मुले अशा गोष्टी लगेच विसरतात. सई विसरली असेलही. मला मात्र अंथरुणावर पडून झोप येईना, म्हणून उठून लिहायला बसले आहे.

काळ्या शाईत लपलेले रंग पाण्याने कागदावर सुटे करून मुलांना दाखवायचे, या आजच्या प्रयोगासाठी मी दोन दिवस खपले होते. घरातले झाडून सगळे काळे स्केचपेन एकेक करून तपासले, कारण वरून सारखा दिसणारा काळा आतून सारखा नसतो. अकरापैकी तीन पेनांची शाई पाण्याला दादच देईना. ती पक्की शाई होती आणि ती हलवायला स्पिरिट लागते. आणखी काहींचा काळा पसरला खरा, पण शेवटपर्यंत करडाच राहिला. एका पेनाच्या ठिपक्यातून मात्र गुलाबी, जांभळा आणि सगळ्यात पुढे धावणारा निळा असे रंग सुटे होत बाहेर आले, तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून हसत होते. मग गाळणकागदाचे तळहाताएवढे गोल कापले, प्रत्येकाच्या मधोमध भोक पाडून त्याच कागदाची सुरळी वातीसारखी खोवली आणि भोकाभोवती पेन्सिलीने एक वर्तुळ आखले. ठिपके त्या वर्तुळावर द्यायचे आणि वाटीतल्या पाण्यात सुरळीचे फक्त टोक बुडवायचे, कारण ठिपकाच पाण्यात गेला तर शाई कागदावर चढण्याऐवजी वाटीत उतरते. एवढे सगळे केल्यावर "पुसलंस" ऐकावे लागते, याचे मला संध्याकाळभर फार वाईट वाटत राहिले. मी काहीच पुसले नव्हते. जे केले ते पाण्याने केले.

पण हे लिहिताना जाणवते आहे की ही माझी पळवाट आहे.

सईला ठिपके नको होते. तिने पेन मुठीत घट्ट धरला आणि पेन्सिलीच्या वर्तुळावर एक मांजर बसवले. त्याला थंडी वाजते म्हणून शेपूट वळवून पायांशी आणले. मिशा मोठ्याने मोजत काढल्या, एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला चार, चौथी जरा लांब झाली तेव्हा माझ्याकडे पाहून, "चालेल ना?" असे विचारले. कान इतके उंच काढले की ते कागदाच्या कडेला जाऊन टेकले. हे सगळे होताना मी शेजारीच बसले होते आणि थोड्या वेळाने यातले जवळजवळ काहीही उरणार नाही हे मला ठाऊक होते. तिला ठाऊक नव्हते. "वा, आता गंमत बघ," असे म्हणून मी तो कागद वाटीवर ठेवला.

मला टोचते आहे ते एवढेच, की मला ठाऊक होते. मी तिला नुसते विचारायला हवे होते, "सई, हे मांजर आता विरघळेल, चालेल का?" ती कदाचित चालेल म्हणाली असती, कदाचित ते मांजर बाजूला ठेवून तिने दुसऱ्या कागदावर ठिपके काढले असते. विचारले असते तर तिच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य मला पाहायला मिळाले नसते, आणि ते आश्चर्य मला हवे होते. दोन दिवसांची सगळी तयारी त्या एका क्षणासाठीच तर होती. वहिनीच्या तेवढ्यात लक्षात आले असावे. तिने माझ्याकडे पाहिलेही होते. असो.

पाणी सुरळीतून चढले आणि कागदाच्या तंतूंमधल्या फटींतून चहूबाजूंनी पसरत गेले. आधी पंजे गेले, मग शेपूट, मग मिशा. ज्या रंगाला कागदाची ओढ जास्त तो मागे रेंगाळतो, ज्याला पाण्याची संगत अधिक मानवते तो पुढे जातो, असे मी मनात जुळवून ठेवलेले वाक्य बोलू लागले. नील टाळ्या पिटत होता. सई कागदावर वाकून अगदी गप्प पाहत होती आणि मी त्या गप्प बसण्याला कुतूहल समजले. तिने बोट दाखवून विचारले, "ही रेघ का नाही गेली?" आणि मी म्हणाले, "थांब, आधी रंग बघ." मग मी तिला मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाची हकीकत सांगू लागले. खडूची भुकटी भरलेल्या काचेच्या नळीतून त्याने पानांचा अर्क खाली जाऊ दिला, तेव्हा त्यातले हिरवे आणि पिवळे रंग वेगवेगळ्या पट्ट्यांत उभे राहिले; 1906 साली त्याने या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले, ज्याला मराठीत वर्णलेखन म्हणतात; आणि त्स्वेत या शब्दाचा रशियन भाषेतला अर्थच मुळी रंग असा आहे. मला ही हकीकत फार आवडते. पाच वर्षांच्या मुलीसमोर तिचे मांजर वाहून जात असताना मी ती सांगत होते.

मघाशी उठून तो कागद पुन्हा दिव्याखाली घेऊन आले. आता तो वाळून थोडा आक्रसला आहे आणि ओले असतानाचे रंग जरा उतरले आहेत, तरी कडेकडेचा निळा अजून सुंदर दिसतो. पाणी काठाला पोचण्याआधी मी कागद उचलला होता, त्यामुळे दोन्ही कानांची टोके तिने काढली तशीच काळी कुळकुळीत राहिली आहेत. आणि मधोमध, सगळ्या रंगांच्या खाली, माझे पेन्सिलीचे वर्तुळ जसेच्या तसे आहे.

तिने याच रेघेबद्दल विचारले होते. पेन्सिलीतले ग्राफाइट पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाणी त्याच्यावरून जाते आणि रेघ जागच्या जागी राहते. ठिपक्यांची जागा पेनाने न आखता पेन्सिलीने आखायची ती नेमकी याच कारणासाठी, आणि मी ते केवळ सवयीने केले होते. काय जाते हे दाखवायला मी बसले होते, आणि काय राहते हे तिला दिसले. तिला उत्तरही सहज सांगता आले असते, कारण सगळ्या दुपारीत विज्ञानाचा खरा प्रश्न तेवढा एकच होता आणि तो तिनेच विचारला होता.

हे कळल्यावर मघाचे स्वतःची कीव करणे हळूहळू ओसरले. मांजर गेले ते गेले, ते मला परत आणता येणार नाही, आणि तिने "पुसलंस" म्हटले ते बरोबरच होते हेही मी आता मान्य करते. मात्र फ्रीडलिप रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची आठवण झाली. तो टिपकागदावर रसायनांचे थेंब टाकायचा आणि आपोआप उमटत जाणाऱ्या आकृत्यांना चित्रेच मानायचा. 1855 साली अशा कागदांचे त्याने एक पुस्तकही केले. त्याने द्रव्यांनाच चित्र काढू दिले. सईला चित्र स्वतः काढायचे होते. या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर नांदू शकतील असे मला वाटते, म्हणजे मांजर पेन्सिलीचे आणि त्याच्या पायांखालचा सतरंजीचा पट्टा तेवढा स्केचपेनचा.

आत्ताच एका कोऱ्या गोलावर करून पाहिले. माझे मांजर तिच्याइतके चांगले जमलेले नाही, मिशाही मी मोजल्या नाहीत. पाणी त्याच्या पोटाखालून गेले, निळा त्याच्या पाठीवरून पुढे सरकला, आणि मांजर बसल्या जागी बसून आहे. उद्या दादाला फोन करेन तेव्हा आधी सईला द्यायला सांगेन आणि ती रेघ का गेली नाही असे तिला वाटते, ते विचारेन. कान उरलेला तो कागद तिचा आहे, तो वहीच्या दोन पानांत घालून ठेवला आहे.